लॅपटॉप तापतो, मग अडखळतो: आधी टर्मिनल, पेचकस नंतर

अकोल्यात मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, लॅपटॉप चालूनच नाही राहिला." एक अभ्यासिका, दोन डीटीपीची दुकानं, एक शिकवणी वर्ग आणि अर्धे नातेवाईक, या सगळ्यांना जुने रिफर्बिश्ड लॅपटॉप मीच बघून दिलेत आणि त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंटही मीच टाकलंय. त्यामुळे मशीन अडखळलं की दोष माझ्याच नावावर जमा होतो. तक्रार दरवेळी तीच असते, कारण मात्र दरवेळी तेच निघत नाही. म्हणून तपासण्याचा एक क्रम आता हाताला बसलाय, तो इथे लिहून ठेवतो.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

- सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं मशीन छान चालतं, मग चिखलात पाय रुतावा तसं होतं. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा ठीक.
- पंखा सतत ओरडतो, आणि काही उघडलेलं नसतानाही ओरडतो.
- व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो, माउसचा बाण उड्या मारतो.
- मशीन काही न सांगता फटकन बंद पडतं.
- अंग थंड, पंखा शांत, आणि तरीही साधी फाइल उघडायला मिनिट लागतं.
- चार्जर लावला की हळू, काढला की बरं. किंवा याच्या उलट.

शेवटची दोन लक्षणं पहिल्या चारांपेक्षा वेगळ्या रोगाची आहेत. लोक पाचव्या लक्षणालाही पंखा साफ करून आणतात, पैसे जातात आणि मशीन तसंच राहतं. हा सगळा लेख खरं तर तेवढ्यासाठीच आहे. तापमान, वेग आणि कामाचा भार हे तीन आकडे एकाच वेळी बघितल्याशिवाय काही उघडू नका.

कमांडबद्दल एक खुलासा. त्या इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मात्र छोट्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे अक्षर मोठं हवं तिथे तसं सांगितलंय. आकडेही अर्थात इंग्रजी.

१. फुकटची तपासणी: जागा

लॅपटॉप गादीवर आहे का, उशीवर आहे का, मांडीवर घेतलेल्या ब्लँकेटवर आहे का, ते बघा. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि बाजूने किंवा मागून फेकतात. गादीवर ठेवलं की नाक दाबल्यासारखं होतं. कडक टेबलावर ठेवा, मागच्या दोन पायांखाली बाटलीची झाकणं सरकवा आणि दहा मिनिटं थांबा. हसू नका, अभ्यासिकेतल्या दोन मशीनचा रोग एवढ्यावरच गेला होता.

खोलीचं तापमानही लक्षात घ्या. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, ती खोलीच्या हवेतच सोडतो, म्हणजे त्याच कामाला प्रोसेसर हवेपेक्षा साधारण ठरावीक अंश वर राहतो. खोली डिसेंबरात २५ अंशांवर असते आणि मेमध्ये ४० वर जाते, तेव्हा प्रोसेसरचा आकडाही जवळपास १५ ने चढणार. हिवाळ्यातला ४८ उन्हाळ्यात ६२ दिसला, तर मशीन बिघडलं असं नाही, वैशाख आलाय. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. गार वाटतं खरं, पण ती हवा दमट असते आणि पॅड नीट बसलेले नसतील तर सोबत पाण्याचे बारीक थेंबही येतात.

२. कोण खातंय ते बघा: टॉप

टर्मिनल उघडा आणि 'टॉप' टाइप करा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आकडा १ दाबला की प्रोसेसरचा प्रत्येक कोअर (स्वतंत्र काम करणारा भाग) वेगळा दिसतो, क्यू दाबलं की बाहेर. (नंतर पाहिजे तर 'एचटॉप' घ्या, रंगीत आणि देखणं आहे. पण परक्या मशीनवर टॉप हमखास सापडतं, म्हणून सवय त्याचीच असू द्या.)

वरच्या भागातल्या सीपीयूच्या ओळीत चार अक्षरजोड्या बघायच्या. 'यूएस' म्हणजे तुमचे प्रोग्राम, 'एसवाय' म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा), 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ, आणि 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. खालच्या यादीत १०० टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण भरलाय असं समजा. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामसमोर ३०० दिसलं तर घाबरू नका, तो तीन कोअर वापरतोय एवढाच अर्थ.

आता तीन शक्यता. एखादा प्रोग्राम तुम्ही काहीच करत नसताना १०० च्या आसपास अडकलाय, तर उष्णतेचं मूळ तोच आहे. डीटीपीवाल्याकडे एकदा अडकलेलं प्रिंटचं काम तीन दिवस एक कोअर खात बसलं होतं. डावीकडचा पीआयडी क्रमांक बघा आणि 'किल' लिहून पुढे तो क्रमांक द्या. 'किल -९' शेवटचा उपाय आहे, कारण त्यात प्रोग्रामला आवराआवर करायला वेळ मिळत नाही. ब्राउझर दिसला तर आधी टॅब मोजा.

दुसरी शक्यता, यादीत 'केस्वॅपडी०' सतत वर दिसतं. याचा अर्थ रॅम संपत आलीय आणि कर्नल मेमरीची पानं इकडून तिकडे हलवण्यात घाम गाळतोय. तुमच्या मशीनला पंख्याची नाही, रॅमची गरज आहे.

तिसरी, 'आयडी' भरपूर, 'डब्ल्यूए' मोठा आणि लोड ॲव्हरेज (सगळ्यात वरच्या ओळीतला, रांगेतल्या कामांचा आकडा) ८-१० वर. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कसाठी ताटकळत असलेली कामंही मोजली जातात, म्हणून प्रोसेसर रिकामा असतानाही हा आकडा फुगतो. अशा वेळी संशय हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसरं काही करण्याआधी डेटाचा बॅकअप. हा लेख तुमच्यासाठी इथे संपला.

३. तापमान: सेन्सर्स

'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एलएम-सेन्सर्स', मग 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट'. (सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲडमिनच्या अधिकाराने.) दुसरी कमांड बरेच प्रश्न विचारते. कंसात जे उत्तर मोठ्या अक्षरांत आहे ते तिचं स्वतःचं सुरक्षित उत्तर, म्हणून नुसतं एंटर दाबत जा. त्यानंतर 'सेन्सर्स'. सतत बघायचं तर 'वॉच -एन २ सेन्सर्स', म्हणजे दर दोन सेकंदांनी ताजा आकडा. थांबवायला कंट्रोल-सी.

इंटेलच्या मशीनवर 'कोअरटेम्प' नावाचा गट शोधा. 'पॅकेज आयडी ०' ही पूर्ण चिपची ओळ, खाली प्रत्येक कोअरची. शेजारी 'हाय' आणि 'क्रिट' असे आकडे असतात. बऱ्याच इंटेल चिपना 'क्रिट' १०० असतो, काहींना १०५. एएमडीवर गटाचं नाव 'के१०टेम्प' आणि ओळ 'टीसीटीएल'. पहिल्या पिढीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये टीसीटीएल खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त असतो, त्यात 'टीडाय' ही ओळ खरी धरायची. 'एसीपीआयटीझेड' असंही काही दिसेल. पुष्कळ लॅपटॉपवर ते २७.८ सारख्या एकाच आकड्यावर बसून राहतं. त्याकडे बघून "थंड आहे की" म्हणणारे मी पाहिलेत.

इन्स्टॉल करायची सोय नसेल तर कर्नल थेट सांगतं: 'कॅट /सिस/क्लास/थर्मल/थर्मल_झोन०/टेम्प'. (सिस म्हणजे एस-वाय-एस.) उत्तर ५४००० आलं तर ते ५४ अंश, कारण आकडा हजारपट करून दिलेला असतो. पण झोन ० हा प्रोसेसरचाच असेल असं नाही. त्याच फोल्डरमधली 'टाइप' नावाची फाइल वाचा. इंटेलवर ज्यात 'एक्स८६_पीकेजी_टेम्प' लिहिलंय तो झोन आपला.

माझे ढोबळ ठोकताळे असे: रिकामं असताना ४० ते ६०, कामात ७० ते ९०. ९५ च्या वर दोन-चार सेकंद गेलं तर सोडून द्या, तिथेच मुक्काम असेल तर पुढे चला. हे जुन्या लॅपटॉपचे आकडे आहेत. रायझन ७००० मालिकेच्या डेस्कटॉप चिप पूर्ण भारात ९५ पर्यंत जायच्या हिशेबानेच बनवल्यात, त्यांना हे लावू नका. पंख्याची ओळ दिसत असेल आणि तापमान ८५ असताना तिथे ० आरपीएम असेल, तर पंखा मेलाय. ओळच नसेल तर अर्थ काढू नका, सगळे लॅपटॉप पंख्याचा वेग सांगत नाहीत.

४. वेग आणि भार, शेजारी शेजारी

नुसत्या तापमानावर निदान होत नाही. 'एलएससीपीयू' ही कमांड चिपचा कमाल आणि किमान वेग मेगाहर्ट्झमध्ये सांगते, ते दोन्ही वहीत लिहा. आता दोन टर्मिनल उघडा. एकात 'वॉच -एन १ सेन्सर्स', दुसऱ्यात 'वॉच -एन १ "ग्रेप एमएचझेड /प्रॉक/सीपीयूइन्फो"'. इथे एम आणि एच कॅपिटल, झेड छोटं, नाहीतर काहीच दिसणार नाही.

रिकाम्या मशीनचा वेग कमी दिसला तर ठीकच आहे, ते विसावलंय. म्हणून भार द्यायचा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्ट्रेस-एनजी' करा, आणि तिसऱ्या टर्मिनलमध्ये 'स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट १२०एस'. इथे ० म्हणजे सगळे कोअर. दोन मिनिटं खुर्चीतून उठू नका. फुगलेली बॅटरी किंवा जळका वास असेल तर ही चाचणी करूच नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

तापमान ८० च्या आसपास आणि वेग वरच राहिला, तर मशीन निरोगी आहे. पंखा ओरडतो तो त्याचं काम करतो म्हणून.

तापमान ९५-१०० ला टेकलं आणि वेग घसरत १२००, ९०० असा खाली आला, तर हे थ्रॉटलिंग. चिप स्वतःला वाचवायला स्वतःच हळू झालीय. पक्का पुरावा हवा तर इंटेलवर '/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल/कोअर_थ्रॉटल_काउंट' ही फाइल चाचणीआधी आणि नंतर वाचा. आकडा वाढला म्हणजे तेवढ्या वेळा ब्रेक लागला. मशीन रीस्टार्ट केलं की तो पुन्हा शून्य होतो. 'सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय थ्रॉटल' यातही संदेश मिळतो, पण नवीन कर्नल तो जपून छापतं, म्हणून माझा भरवसा काउंटरवर.

आता या चाचणीतला सगळ्यात कामाचा भाग, तापमान कसं चढतं ते. भार देताच तीन-चार सेकंदांत ५० वरून ९७, आणि भार काढताच तितक्याच झपाट्याने ६० वर, असं झालं तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. मधली थर्मल पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंकचा स्क्रू सैल आहे. धातूचा एवढा तुकडा एवढ्या लवकर तापत-निवत नाही, एकट्या इवल्या चिपचाच तो आकडा असतो. उलट आकडा मिनिटभर रांगत रांगत ९५ ला गेला आणि नंतरही ८० वर रेंगाळला, तर उष्णता हीटसिंकमध्ये पोचलीय, पण तिथून बाहेर पडत नाहीये. म्हणजे जाळीत धूळ किंवा पंखा कमजोर. टर्बोमुळे (थोड्या वेळापुरता वेग चढवायची चिपची सोय) पहिली उडी निरोगी मशीनवरही मोठी असते, म्हणून ७५-८० पर्यंतच्या उडीवर निकाल देऊ नका. पुढे काय होतं ते बघा.

राहिली चौथी जोडी: पूर्ण भार, तापमान ५०, आणि वेग ४०० किंवा ८०० वर खिळा ठोकल्यासारखा. हेच ते थंड आणि हळू मशीन. इथे धुळीचा काही संबंध नाही. चार्जर काढून बॅटरीवर तीच चाचणी घ्या. वेग सुटला तर चार्जर दोषी. काही लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनेतून त्याची ओळख पटवतात. पीन वाकली, वायर तुटली किंवा बाजारातला दुसराच चार्जर लावला, की बोर्ड प्रोसेसरला "जपून" असा इशारा देतो आणि चिप किमान वेगावर उतरते. थकलेल्या बॅटरीनेही असं होतं. शिकवणी वर्गाच्या मशीनची दोनदा सर्व्हिसिंग झाली होती, पेस्टसकट. बरं झालं ते शेजारच्या मशीनचा ओरिजिनल चार्जर लावून. हा इशाराच प्रोसेसरकडून बंद करून घ्यायची युक्ती इंटरनेटवर मिळते. नका करू. तो सावधगिरीची तार आहे, आणि खरंच तापलं तेव्हाही तीच उपयोगी पडते.

फटकन बंद पडणाऱ्या मशीनसाठी 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई'. मागच्या खेपेची शेवटची पानं उघडतात. तिथे क्रिटिकल टेम्परेचर गाठल्याचा संदेश असेल तर लिनक्सनेच बंद केलंय. नोंद मध्येच वाक्य तुटावं तशी संपत असेल तर वीज खालून गेली: बोर्डाने तोडली, बॅटरीने किंवा चार्जरने.

५. सेटिंग, पेचकसाआधी

'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल' चालवा. प्रोफाइल 'पॉवर-सेव्हर'वर राहिलं असेल तर 'बॅलन्स्ड' करा. गव्हर्नर (वेग कधी वाढवायचा ते ठरवणारं धोरण) म्हणून 'पॉवरसेव्ह' दिसलं आणि मशीन 'इंटेल_पीस्टेट' हा ड्रायव्हर वापरत असेल, तर मात्र हात लावू नका. नाव कंजूष असलं तरी तिथे वेग गरजेप्रमाणे वरखाली होतच असतो.

उन्हाळ्यापुरता एक जुगाड, इंटेलवर: टर्बो बंद. 'एको १ | सुडो टी /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/नो_टर्बो' (टी म्हणजे टी-ई-ई). टर्बोच्या शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढतं आणि उष्णता वेगाच्या मानाने फार जास्त होते. टायपिंग आणि ब्राउझिंग करणाऱ्याला फरक कळतही नाही. रीस्टार्ट झालं की टर्बो परत येतो, तेव्हा बिघडण्यासारखं काही नाही. डीटीपीवाला मात्र एक्स्पोर्टला वेळ लागतो म्हणून कुरकुरतो, आणि ते खरंही आहे.

६. उघडणं

वॉरंटी संपलीय, बॅकअप घेतलाय, आणि चौथ्या तपासणीने धूळ किंवा पेस्टकडेच बोट दाखवलंय, तरच. मशीन पूर्ण बंद, चार्जर बाहेर, मागचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडत जा, लांबी वेगवेगळी असते.

धूळ पंख्याच्या पात्यावर दिसते तेवढीच नसते. पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मध्ये गादीतल्या कापसासारखा एक दाबलेला थर बसतो, खरा गुन्हेगार तो. चिमट्याने ओढा, मग ब्लोअर. पंखा टूथपिकने अडवून धरा, हवेच्या झोताने तो गरागरा फिरला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, स्थिर वीज तयार होते.

पेस्ट बदलायची तर हीटसिंकवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ छापलेलं असतं. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सरळ, आणि प्रत्येक थोडा थोडा आवळत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी मुगाच्या दाण्याएवढी. जास्त लावली की जास्त गार होतं असं नाही, ती कडेने फक्त वाहते. झाकण लावून तीच १२० सेकंदांची चाचणी, तेच आकडे, जुन्या आकड्यांशेजारी.

७. इथे थांबा, कारागीर गाठा

टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण कडेला फाकलंय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो: बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू नका, टोचू नका. ही तपासणी खरं तर पहिली करायला हवी. जळका वास आला तरी तेच.

पंखा साफ करूनही फिरत नाही आणि बदली पंखा तुम्हाला मिळत नाही. नवी पेस्ट लावूनही पाच सेकंदांत ९७ होतंय. हीटपाइपचं (चिपपासून जाळीपर्यंत उष्णता नेणाऱ्या तांब्याच्या नळीचं) एक टोक चटका देतंय आणि दुसरं गार आहे, म्हणजे पाइपच गेलाय. तापमान ६० असताना मशीन बंद पडतंय, तर दोष वीजपुरवठ्याचा आहे आणि बोर्ड तपासायला मीटर लागतं. स्क्रूचं डोकं घासलं गेलंय आणि तुमचा राग वाढतोय. यातल्या कुठल्याही टप्प्यावर मीही मशीन कारागिराकडेच देतो. माझ्याकडे मीटर आहे, हात नाही.

देताना झाकणावर एक चिठ्ठी चिकटवतो. नुसतं "स्लो आहे" सांगितलं की तो फॉरमॅट मारतो, असा अनुभव आहे. मागच्या मेमधली चिठ्ठी अशी होती:

"खोली ४१. रिकामं ५८. पूर्ण भार: ४ सेकंदांत ९८, वेग ३१०० वरून ११००. भार काढल्यावर ५ सेकंदांत ६६. थ्रॉटल काउंट ० वरून २१४. बॅटरीवर तसंच, दुसऱ्या चार्जरवर तसंच. धूळ काढली, पेस्ट बदलली, फरक नाही. पंखा फिरतो. हीटसिंकचा ३ नंबरचा स्क्रू आवळत नाही, आटे गेलेत असं वाटतं. डेटाला हात लावू नका."